एकही नाव नसलेली कॅसेट

त्या माइकचा वास मला आजही आठवतो. गुटखा, थुंकी आणि जाळीच्या आतल्या स्पंजात मुरलेली ओल, असं सगळं त्यात होतं. वसमतच्या ज्या ऑर्केस्ट्रात मी नव्वदच्या दशकात बरीच वर्षं कीबोर्ड वाजवला, तिथे गायक-गायिका एकाच माइकवर गायचे आणि आमचा निवेदक त्याच माइकला ओठ टेकवून बोलायचा. तो पुसायचं काम कुणाचंच नव्हतं. एकदा मी स्पिरिटचा बोळा फिरवला तर निवेदक सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून रे, माइकला इंजेक्शन देऊन राहिला का?" सगळे हसले. मी हात धुऊन आलो.

पण वास परवडला. मला खरी किळस होती ती नावांची.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा गाण्यांसाठी ठेवत नसत, नावांसाठी ठेवत. गणपती असो, बारसं असो, नाहीतर पतपेढीचं उद्घाटन, रीत एकच. गाणं सुरू झालं की पुढच्या खुर्च्यांमधून कुणीतरी उठायचं, निवेदकाच्या हातात नोट सरकवायचं आणि त्याच्या कानाला लागायचं. निवेदक हात वर करायचा. हात वर झाला की आम्ही थांबायचं. कडव्यात असू, तानेत असू, थांबायचं म्हणजे थांबायचं. मग ढोलकीवर एक थाप पडायची आणि "युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, आपल्या सर्वांचे लाडके" असं करत करत त्या माणसाचं नाव पुकारलं जायचं. टाळ्या झाल्या की आम्ही जिथे सोडलं तिथून गाणं उचलायचं. दोन ओळी होतात न होतात तोच दुसरा उठायचा, कारण पहिल्याचं नाव झालं आणि आपलं राहिलं हे त्याच्या जिवाला कसं सोसणार? एकदा आमची गायिका एका विरहगीताच्या ऐन मध्यावर होती आणि नावांची रांग लागली. ती संपेपर्यंत बाई विसरून गेली की प्रियकर निघून गेलाय की अजून यायचाय. तिने आपलं पुन्हा धृपद धरलं. समोर बसलेल्यांना काडीचाही फरक पडला नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, हे सगळं एकदाच पाहायला आले. आखाडा बाळापूरजवळ आमची हळदीची आणि कापसाची शेती. बाळापुरातच कार्यक्रम होता म्हणून ते आले, आणि अर्ध्यातून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "एक गाणं सरळ ऐकू देता का तुमी? ज्याला त्याला आपलं नाव ऐकायची खाज. नावं पुकारायला गावात दवंडीवाला हाय की. त्याला तुझी पेटी काहून पाहिजे?"

मी म्हणालो, "लोकाला तेच लागतं, बापू."

"लोकाचं जाऊ दे. ज्या दिवशी तू कोणाचं नाव न घेता वाजवशील, त्या दिवशी मला सांग. मी बसून पूर्ण ऐकीन."

बापू सहसा कशाला हो म्हणत नसत, आणि म्हटलं की मागे फिरत नसत. माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी घरात काढलेला हा पहिला बरा शब्द होता. मी तो गाठीशी बांधून ठेवला.

त्याच सुमाराला नांदेडला स्टेशनजवळ जुन्या कॅसेटच्या गाड्यावर मला एक इंग्रजी कॅसेट मिळाली. कव्हर नव्हतं, नाव खोडलेलं. घरी लावली तर एका बाजूला एकच गाणं. मला वाटलं, टेप बिघडलाय. गाणं कधी देवळातल्या पेटीसारखं सावकाश चालायचं, मध्येच सात मात्रांत पळत सुटायचं, मग भलतीच चाल धरायचं आणि धृपदाकडे वळून बघायचंसुद्धा नाही. ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला पुढे नांदेडच्या एका हॉस्टेलवरच्या ओळखीच्या पोराने सांगितलं. मला नावाशी कर्तव्य नव्हतं. मला एवढंच दिसलं की ह्या गाण्यात निवेदकाला हात वर करायला जागाच नाही. कुठे थांबवणार? कशाला थांबवणार? नोट घेऊन उठलेला माणूस गाणं संपायची वाट बघत म्हातारा होईल.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी ऑर्केस्ट्रा सोडला. आधी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. जे काल तालुक्याचे नेते होते ते सकाळी उठून जिल्ह्याचे नेते झाले, आणि मुळात लांब असलेली नावं आणखी हातभर लांबली. एका कार्यक्रमात तर आम्ही वाजवलं कमी आणि थांबलो जास्त. पेटी बंद करताना माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मी ठरवलं, स्वतःची कॅसेट काढायची. एकट्याची. गाण्याला गाणं जोडलेलं, कुठेही चिरफळी न पडणारं, आणि तरी गुणगुणता येईल असं. नुसतं लांबलचक वाजवून शहाणपणा मिरवायचा नव्हता. सिनेमातल्यासारख्या सोप्या चाली घ्यायच्या, पण त्या मोडायच्या, उलट्या करायच्या, त्यात आपल्याकडचे आवाज घालायचे. आणि त्यात एकही नाव नको. कव्हरवरसुद्धा माझं नाव बारीकच.

पहिला आवाज आमच्या अंगणातला. हळद शिजवून वाळवली की ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे घासून साल निघते आणि हळकुंड चमकतं. आमच्या ड्रमला एका अंगाला पोचा होता, त्यामुळे तो लंगडत फिरायचा. ती लंगडी चाल मी मोजली तर बरोबर सात मात्रा. मी टेपरेकॉर्डर घेऊन उभा राहिलो आणि बापूंना ड्रम फिरवायला सांगितलं.

"कशाला?"

"गाण्यात घ्यायचंय."

"ह्याच्यात कोणाचं नाव येणार न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग फिरवतो," म्हणाले आणि तोंडाला पंचा बांधून त्यांनी हात घातला. हळदीचा धुरळा माझ्या नाकातोंडात जाईपर्यंत त्यांनी ड्रम फिरवला. मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

गाणी मीच लिहिली. वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचं एक गाणं होतं. त्यात तो तेवढंच म्हणत राहतो: "रस्ता गेला, मी न्हाई गेलो." माझा आवाज काही गाण्याचा नाही, तो मी कीबोर्डमधून काढून जरा वेडावाकडा केला. आणि पहिल्या बाजूच्या मध्यावर मी काहीच ठेवलं नाही. ड्रम हळू होत होत थांबतो आणि मग बराच वेळ नुसती शांतता. इतक्या वर्षांत स्टेजवर मला ती एकदाही मिळाली नव्हती. तिच्यानंतर कीबोर्डवरच्या ऑर्गनचा एकच सूर येतो आणि तिथून गाणं पुढच्या गाण्यात शिरतं. अख्ख्या कॅसेटमध्ये मला सर्वांत प्रिय काही असेल तर ती शांतता.

नांदेडचा स्टुडिओवाला देवीच्या गाण्यांच्या आणि निवडणूक प्रचाराच्या कॅसेटी काढून गब्बर झालेला गडी. भजी खायचा आणि त्याच हाताने बटणं फिरवायचा, सगळ्या बटणांना तेल. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ढोलकी कुठं टाकू?" मी म्हणालो, नको. "कोरस?" नको. "मंग लोकं नाचतील कशावर?" नाचायचं नाही, असं मी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फुकट मयताचं सामान मागायला आलोय. शांतता आली तेव्हा तर तो धडपडत उठला आणि वायरी हलवायला लागला. ती मुद्दाम ठेवलीय हे पटवायला मला अर्धी दुपार गेली. "रिकामं दिसून राहिलं ना पण," तो म्हणाला. मी पाणी प्यायला बाहेर गेलो तेवढ्यात त्याने तिथे देवळातली घंटा टाकून ठेवली. ती मी काढायला लावली. मला त्या माणसाचा, त्याच्या तेलकट बोटांचा आणि त्याच्या घंटेचा इतका वीट आला होता की काम संपल्यावर मी त्याच्याकडचा चहासुद्धा घेतला नाही.

कॅसेट तयार झाली आणि आयत्या बिळावर नागोबा यावा तसा आमचा जुना निवेदक दारात उभा.

"तुझी सोलो कॅसेट, अन् प्रकाशन न्हाई? अरे, लोकाला कळावं कसं?"

वसमतचं मंगल कार्यालय त्याच्या ओळखीचं होतं, पाहुणे त्याच्या ओळखीचे. मी एकच अट घातली. कॅसेट वाजत असताना कुणाचंही नाव घ्यायचं नाही. त्याने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होतो? बापूंना मी त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली होती आणि ते येतो म्हणाले होते.

प्रकाशनाच्या दिवशी दुपारी कार्यालयाच्या दारावर बॅनर बघितला आणि माझं पित्त खवळलं. पाहुण्यांची तोंडं परातीएवढी आणि माझा फोटो खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या शेजारी, रेशनकार्डावर असतो तसा. पाहुणे आले ते उशिरा. हारांचा ढीग, अत्तराचा भपकारा, पुढच्या रांगेत पिचकाऱ्या मारून लाल झालेला कोपरा. बापू बाळापूरहून एसटीने आले होते. धुतलेलं धोतर, कडक टोपी. दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसले.

कॅसेट लागली. लोक आपसांत बोलत होते, पण मी कुणाकडे बघतच नव्हतो. मी फक्त बापूंकडे बघत होतो. ड्रमचा आवाज आला तसे त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा हात मांडीवर हलायला लागला. बरोबर सात मात्रांत. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याला जन्मात जमलं नसतं ते त्यांच्या हाताला ओळखीचं होतं. मला गहिवरून आलं. मग ड्रम हळू झाला, थांबला, आणि शांतता आली. काय सांगू, सगळं कार्यालय गप्प झालं. वरचा पंखा ऐकू येत होता. मी मनात म्हणत होतो, जमलं.

आणि माइक खडखडला.

"युवकांचे आशास्थान..." निवेदकाने सुरू केलं. पाहुण्यांचं नाव, पाहुण्यांच्या बरोबरच्यांचं नाव, हार आणणाऱ्याचं नाव, मंडपवाल्याचं नाव. ऑर्गनचा सूर आला तर त्याने हात वर केला आणि टेपवाल्याने टेप बंद केला. मी त्याच्याकडे धावणार तेवढ्यात तो म्हणाला, "आणि ज्यांच्या पोटी हे रत्न जन्माला आलं, ते आखाडा बाळापूरचे प्रगतिशील शेतकरी, आदरणीय..." आणि त्याने बापूंचं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

मला वाटलं, आता बापू उठून जातील. मला ते हवंच होतं. ते उठले. आणि स्टेजकडे आले.

शाल पांघरली, नारळ दिला. तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. माझ्या लग्नात नाही, हळदीला चढा भाव आला त्या साली नाही. चेहरा असा फुलला होता की बघवेना. त्यांनी चारी दिशांना वळून हात जोडले, जिथे फक्त भिंत होती तिकडेसुद्धा. खाली उतरताना धोतराचा सोगा सावरत होते आणि हसत होते. मला शिसारी आली. निवेदकाची यायची ती येतच होती, पण त्या दिवशी ती बापूंची आली, जन्मदात्या बापाची.

पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, म्हणून लगेच चहा फिरवला. कॅसेट पुन्हा कुणी लावलीच नाही. निवेदकाने मला मिठी मारली, अंगाला गुटख्याचा वास, आणि म्हणाला, "नावासाठी काय बराबर जागा ठेवलीस रे! आजवर कोणाला सुचलं न्हाई. गाणं तोडायची तकलीफच न्हाई." तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी ती शांतता त्याच्यासाठी ठेवली.

परतीच्या एसटीत बापू नारळ मांडीवर घेऊन बसले होते. नारळ चाचपत म्हणाले, "आवाज लई खडा हाय त्याचा. मागल्या दारापर्यंत गेलं असंल नाव."

"व्हय."

"गाणं बी बराबर होतं."

पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. गावातली माणसं शाल बघायला येत होती आणि ते ती खुंटीवरून काढून दाखवत होते.

कॅसेट खपली नाही. दुकानदारांनी ती भक्तिगीतांत लावून पाहिली, लोकगीतांत लावून पाहिली आणि शेवटी गठ्ठा परत केला. गाढवापुढे वाचली गीता, म्हणून मी सोडून दिलं. पण निवेदकाने एक कॅसेट ठेवून घेतली होती. काही वर्षांनी मी वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो, तर समोर एका नव्या ढाब्याचं उद्घाटन चाललेलं आणि भोंग्यातून आमचा ड्रम लंगडत येत होता. मी रस्ता ओलांडून गेलो. ड्रम थांबला, शांतता आली, आणि त्या शांततेत ढाबेवाल्याचं, त्याच्या साडूचं, कुठल्याशा सभापतीचं नाव पुकारलं गेलं. साउंडवाल्या पोराला मी विचारलं, हे काय लावलंय. म्हणाला, "हे नावाचं म्युझिक हाय. हिंगोलीपासून वसमतपर्यंत हेच चालतं." मी म्हणालो, हे मी बनवलंय. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आदबीने विचारलं, "मंग तुमचं बी नाव घ्यायला सांगू का?"

मी एसटी न बघताच चालत सुटलो.

त्यानंतर कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या आणि त्याही जायला लागल्या. मी बाळापुरात एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. पेटी माळ्यावर गेली. बापूंचं शेतात जाणं सुटलं होतं, मोतीबिंदू वाढलेला, पाय सुजलेले. एक दिवस दुपारी जेवण झाल्यावर ते ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "ती क्यासेट लाव बरं. पूर्ण ऐकीन म्हणलो होतो तुला. राहूनच गेलं."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांना आठवत होतं! मी इतकी वर्षं त्यांच्यावर जो राग धरून बसलो होतो तो एका वाक्याने ढिला झाला. जुन्या टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसली, कॅसेट पेन्सिलीने फिरवून घट्ट केली.

बापू भिंतीला टेकून ऐकत होते. ड्रम आला तसे म्हणाले, "आपला हाय." फाट्यावरच्या माणसाचं गाणं आलं तेव्हा "मी न्हाई गेलो" ह्या ओळीला ते हसलेसुद्धा. मांडीवरचा हात चालू होता. मग ड्रम हळू झाला आणि थांबला.

बापू सरळ झाले. त्यांनी टोपी नीट केली, पंच्याने तोंड पुसलं, आणि दोन्ही हात जोडण्याच्या तयारीने छातीशी आणले. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ऑर्गनचा सूर आलाही होता.

"काहून? माझं नाव न्हाई आलं?"

"ह्याच्यात नाव न्हाई, बापू. कोणाचंच न्हाई. तुमीच म्हणला होता, नाव नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या पांढुरक्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं, की लेक इतका कसा बावळट निघाला.

"दुसऱ्याचं नको म्हणलो होतो रे," ते म्हणाले. "माझं कोण नको म्हणलं?"

मला त्या क्षणी सगळ्याचीच किळस आली. त्यांची, माझी, त्या कॅसेटची, आणि ती शांतता कुणीतरी नुसती शांतता म्हणून ऐकेल असं धरून बसलेल्या माझ्या मूर्खपणाची. पण ते हात खाली घेत नव्हते. मी टेप मागे घेतला. ड्रम पुन्हा हळू होत थांबला. मी घसा खाकरला आणि त्या निवेदकाच्या आवाजात, त्याच्याच हेलात, प्रगतिशील शेतकरी, आदरणीय, असं सगळं म्हणत बापूंचं पूर्ण नाव पुकारलं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. बापूंनी चारी दिशांना हात जोडले.

"झालं," ते म्हणाले. "बंद कर आता."

मी बंद केली.